ओढ्याचे पाणी भाजीला द्यावे का? आधी तळाचे दगड उलटून पाहा

प्रश्न : आमच्या ओढ्यात वरच्या अंगाने कारखान्याचे मळीमिश्रित पाणी येते. कधी फेस, कधी घाण वास. नमुना तपासला तेव्हा मात्र अहवाल ठीक आला. हे पाणी भाजीपाल्याला चालेल का?

उत्तर : अहवाल खोटा नाही, पण तो त्या घटकेच्या पाण्याचा आहे. रात्री सुटलेली मळी सकाळपर्यंत पुढे निघून जाते. तळाशी राहणाऱ्या किड्यांनी मात्र महिनाभर जे वाहिले ते सगळे सोसलेले असते.

खळाळत्या उथळ जागेतले पाच-सहा दगड उलटून पाहा. शेपटीला बहुधा तीन केस आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले असलेले चपटे पिल्लू मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याचे. वाळूचे कण चिकटवून नळीसारखे घर बांधते ती कॅडिसफ्लाय या दुसऱ्या उडणाऱ्या किड्याची अळी. या दोन्हींच्या बहुतेक जातींना पाण्यात भरपूर ऑक्सिजन लागतो आणि मळी कुजताना नेमका तोच संपतो. मग हे किडे जातात आणि गाळात लालभडक वळवळत्या अळ्या माजतात. या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारे लाल द्रव्य) असते, त्यामुळे त्या कमी ऑक्सिजनवरही तगतात. चार-दोन लाल अळ्या चांगल्या ओढ्यातही असतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

मळी मिसळते त्या जागेच्या वर आणि खाली, सारख्याच खळाळात पाहा. ही तुलना केल्याशिवाय कारखान्याकडे बोट दाखवू नये. पूर येऊन गेल्यावर लगेच पाहण्यात अर्थ नाही, किडे वाहून गेलेले असतात. दगडावर काहीच जिवंत नसेल तर विषाचा संशय घ्या. आपलेच फवारणी पंप ओढ्यात धुतले तरी असे होते, ते आजपासून बंद करा.

किडे क्षारांचा आकडा सांगत नाहीत आणि रोगजंतूंचाही नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. क्षारता (ई.सी.) 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी नेहमी देऊ नका. खालच्या बाजूला फक्त लाल अळ्याच उरल्या असतील, तर मेथी-कोथिंबिरीला विहिरीचे पाणी द्या आणि ओढ्याचे पाणी तुषार संचाने पानांवर मारू नका.

पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर त्याच वेळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. फोटो जरूर काढा, पण 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली कोर्टात टिकतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना. म्हणून वाहते पाणी निघून जाण्याआधी त्यांना ओढ्यावर बोलवा.