ओशनसॅट-3 वरची उपकरणं मासे पाहतात का? मग मोबाइलवर आलेली मासळीची जागा फसते कशी?

मासे पाहणारं एकही उपकरण त्यावर नाही. 26 नोव्हेंबर 2022 ला सोडलेला हा उपग्रह (कागदोपत्री ईओएस-06) सुमारे 740 किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याला कळतं ते एवढंच: पाण्याचा रंग, अगदी वरच्या थराचं तापमान आणि वाऱ्याने पृष्ठभाग किती खरखरीत झालाय ते. रंग आणि तापमान, शिवाय इतर उपग्रहांची मोजमापं घेऊन हैदराबादची इन्कॉइस संस्था 'इथे चारा आहे, तर मासळी असावी' असा अंदाज बांधते. हर्णैसमोर मासळीचा पट्टा दाखवलेला असून जाळं रिकामं का येतं, असं तुम्ही विचारलंय. प्रत्येक उपकरण कुठे फसतं हे कळलं की त्यातलं बरंचसं उलगडतं.

रंग मोजतो तो ओसीएम-3. आधीच्या दोन ओशनसॅटवर या कॅमेऱ्याला 8 पट्टे (म्हणजे वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश स्वतंत्र टिपणारे भाग) होते, आता 13 आहेत. वनस्पती-प्लवकातलं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजेच वर म्हटलेला चारा) हरितद्रव्य 443 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश खातं, 555 च्या जवळचा हिरवा फारसा खात नाही. या दोहोंच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्य किती ते काढतात. चित्रातला एक ठिपका 360 मीटरचा. उपग्रह भर दुपारी डोक्यावरून जातो, म्हणून पाण्यावरची चकाकी टाळायला कॅमेरा 20 अंशांपर्यंत पुढे-मागे कलवता येतो.

खरी अडचण पुढेच आहे. कॅमेऱ्यात येणाऱ्या निळ्या प्रकाशातला 80-90 टक्के भाग पाण्यातून आलेला नसतोच, तो हवेने विखुरलेला असतो. तो वजा करायला इन्फ्रारेडचे पट्टे वापरतात, कारण स्वच्छ खोल पाणी त्या पट्ट्यांत जवळजवळ काळं दिसतं; तिथे जे उजळ दिसेल ते हवेचं, असा हिशोब. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या मुखाशी हा हिशोब कोलमडतो. गाळ इन्फ्रारेडमध्येही चमकतो, मग वजाबाकी जास्त होते आणि निळा प्रकाश आहे त्याहून कमी उरतो. भरीला कांदळवनातून कुजलेल्या पाल्याचं पिवळसर पाणी येतं, तेही निळाच खातं. दोन्हींचा परिणाम एकच: चारा नसतानाही नकाशा हिरवा. उधाणाच्या भरतीनंतर खाडीच्या तोंडापासून पंख्यासारखा पसरलेला, किनाऱ्याला चिकटलेला हिरवा पट्टा दिसला तर तो गाळ समजा. हरितद्रव्याचा नकाशा स्वतः पाहत असाल तर 10-12 वावांच्या (सुमारे 20 मीटर खोलीच्या) आतल्या रंगावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. अरबस्तानाकडून धूळ आली की असाच खोटा हिरवा रंग खोल पाण्यातही दिसतो.

पट्टा खरा असला तरी कुठली मासळी, हा प्रश्न उरतोच. तारली, बांगडा चाऱ्यातच असतात. सुरमई, कुप्पा यांना शोधायचं तर हिरव्याच्या मध्यात न जाता निळ्या पाण्याकडच्या कडेने फिरावं. तळाच्या कोळंबीबद्दल हा अंदाज काहीच सांगत नाही, त्यामुळे ट्रॉलवाल्यांनी त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तापमानासाठी, म्हणजे थंड आणि गरम पाणी जिथे भेटतं ती सीमा शोधायला, एसएसटीएम आहे, 11 आणि 12 मायक्रॉन असे दोन पट्टे, ठिपका साधारण एक किलोमीटरचा. त्याला पाण्याचा केसाहूनही पातळ थर तेवढा जाणवतो. बाष्प 12 मायक्रॉनचे किरण जास्त अडवतं, म्हणून दोन पट्ट्यांमधल्या फरकावरून हवेतल्या दमटपणाची दुरुस्ती करतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ही दुरुस्ती मोठी असते. पण सर्वांत जास्त फसवतात ते पातळ ढग. ढगाची कड थंड दिसते, ती ढग वगळणाऱ्या गाळणीतून सुटली तर नकाशावर थंड पाण्याची खोटी सीमा तयार होते. याउलट वारा पडलेल्या दुपारी वरचा थर एक-दोन अंशांनी तापतो आणि खरी सीमा झाकली जाते. म्हणून तापमानासाठी रात्रीची फेरी बरी.

स्कॅट-3 वारा मोजतं. फिरत्या अँटेनातून 13.5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडायच्या, वाऱ्याने उठलेल्या सेंटीमीटरभराच्या तरंगांवरून किती परत येतात ते पाहायचं. ढग असो वा रात्र, फरक पडत नाही. जोराचा पाऊस मात्र मोजमाप बिघडवतो. शिवाय जमिनीचा परतावा पाण्यापेक्षा कितीतरी जोरदार असल्याने किनाऱ्यालगतच्या 25-30 किलोमीटरांतला वारा भरवशाचा नसतो. दुपारचा खारा वारा तिथेच जोर धरतो, तेव्हा बंदराजवळच्या वाऱ्यासाठी त्याच्याकडे पाहू नका.

चौथं उपकरण अर्गोस, फ्रेंच बनावटीचं. ते स्वतः काही मोजत नाही, समुद्रात तरंगणाऱ्या बोयांचे संदेश पकडून खाली पाठवतं.

आता संदेश वाचताना होणारी चूक, जिचा उपग्रहाशी संबंधच नाही. त्यात बंदरापासून दिशा, किलोमीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. सागरी मैल हवे असतील तर किलोमीटरला 1.85 ने भागा, वाव हवे असतील तर मीटरला 1.83 ने. जीपीएसमध्ये आकडा घालण्याआधी जीपीएस कुठल्या पद्धतीवर (अंश-मिनिटं की दशांश) लावलाय ते बघा. 17 अंश 48 मिनिटं हे दशांशात 17.80 होतात. कुणी 17.48 टाकलं तर होडी तब्बल 19 सागरी मैल दक्षिणेला जाते. मिनिटं दशांशात असतील तर 48 मिनिटं 30 सेकंद म्हणजे 48.50, 48.30 नव्हे, ही चूक मात्र 370 मीटरचीच, ती चालून जाते. संदेशाची तारीखही पाहा. पाणी वाहतं तशी सीमाही सरकते, दोन दिवसांपूर्वीच्या जागेसाठी डिझेल जाळण्यात मतलब नाही.

पावसाळ्यात तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते, आणि ढगांमुळे ओसीएम व एसएसटीएम दोन्ही निकामी. बंदी उठल्यावरही आकाश मोकळं होईपर्यंत संदेशात खंड पडत राहणार.