प्रथम वर्षाच्या खेळाडूचा हिशेब केव्हा मांडावा?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर मी सदस्य आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मानधनावर बास्केटबॉलचे प्रशिक्षक नेमले. या काळात त्यांनी प्रथम वर्षाला नऊ नवे खेळाडू आणले; त्यांपैकी आज संघात पाचच उरले आहेत, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत बाद झालो. समितीत काहींच्या मते सरांना मुले पारखताच येत नाहीत. काहींच्या मते मुले चांगली आणली, पण ती घडली नाहीत. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मे महिन्यात ठरवायचे आहे. त्यांच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : आपल्या समितीतील दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे, म्हणजे दुसऱ्या फेरीतील पराभवाकडे, बोट दाखवून बोलत आहेत, पण त्या पराभवातून पारख कुठे चुकली आणि घडवणूक कुठे कमी पडली, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून या दोन कामांचे हिशेब स्वतंत्र मांडावेत, आणि प्रथम वर्षाच्या मुलाचा हिशेब त्याच्या पहिल्या हंगामावर बंद करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्याकडचे वेळापत्रकच पाहा. बारावीचा निकाल लागून प्रवेश पूर्ण होईपर्यंत जुलै उलटतो, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास स्पर्धा येऊन ठेपतात. मधल्या आठ-दहा आठवड्यांत पावसाने सिमेंटचे मैदान कितीदा निसरडे होते, हे आपण जाणताच. त्यात लातूर भागातील मुलाची आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत उत्तम खेळणारा मुलगा अकरावी-बारावीत नीटच्या शिकवण्यांमुळे चेंडूला हातही लावत नाही, आणि तो आपल्या प्रथम वर्षात येतो तेव्हा त्याचा दम, पायांची चपळाई आणि चेंडूवरची पकड ही तिन्ही दोन वर्षांची गंजलेली असतात. त्या मुलाचा ऑक्टोबरमधील खेळ पाहून प्रशिक्षकाविषयी मत बनवणे म्हणजे पेरणी होताच रास मोजायला बसणे होय.

महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सर्वांत मोठे जग अमेरिकेत आहे, आणि तेथील अनुभवही हेच सांगतो. यूसीएलए या विद्यापीठात जॉन वुडन १९४८ साली प्रशिक्षक म्हणून आले. त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मधले, आणि ते धरून १९७५ पर्यंतच्या बारा हंगामांत एकूण दहा. तेव्हा तेथे प्रथम वर्षाच्या खेळाडूला मुख्य संघातून खेळण्याची परवानगीच नव्हती. तो नियम १९७२ साली उठला. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे विख्यात खेळाडू करीम अब्दुल-जब्बार, यांच्यासह खेळलेल्या प्रथम वर्षाच्या संघाने आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५–६० असे हरवले. वुडन यांची पारख त्या दिवशी सर्वांना दिसली. तिचे फळ मात्र १९६७, १९६८ आणि १९६९ च्या सलग तीन विजेतेपदांत आले. याच्या उलट, केंटकी विद्यापीठाने २०१२ साली अँथनी डेव्हिससारख्या प्रथम वर्षाच्या खेळाडूंच्या बळावर विजेतेपद मिळवले, हेही खरे. पण देशभरातून हवा तो मुलगा निवडण्याची सोय ज्याला आहे, त्याचे माप तालुक्याच्या महाविद्यालयाला लावू नये.

आता पारखीविषयी. कोण आला, इतकेच न पाहता सरांनी कोठे कोठे जाऊन पाहिले, हे विचारावे. तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धा त्यांनी मैदानावर उभे राहून पाहिल्या, की प्रमाणपत्रे घेऊन दारात आलेल्या मुलांतूनच निवड केली? नऊ जणांत चेंडू पुढे नेणारे किती आणि बास्केटखाली उभे राहणारे किती? तिघे उंच आणि सांभाळून पास देणारा एकही नाही, असे असेल तर तो पारखीचाच दोष आहे. मराठवाड्यात बास्केटबॉलचे मैदान असलेल्या शाळा थोड्या आहेत, म्हणून खो-खो, कबड्डी, हँडबॉल खेळणाऱ्या मुलांतून खेळाडू शोधावा लागतो. खो-खोचा चांगला खेळाडू गुडघ्यात वाकून क्षणात दिशा बदलतो, आणि बचावाला नेमके तेच लागते. मी स्वतः शारीरिक शिक्षण संचालक असताना एका वर्षी अशा चपळ मुलाला बाजूला ठेवून निव्वळ उंचीवर दुसऱ्याची निवड केली होती. त्या मुलाने पुन्हा कधी चाचणी दिली नाही, आणि ती चूक मला आजही बोचते.

घडवणुकीसाठी वही लागते. मुलगा आला त्या आठवड्यात त्याची नोंद झाली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. पन्नास फ्री थ्रोपैकी, म्हणजे ठरावीक रेषेवरून केलेल्या मोकळ्या फेकींपैकी, किती पडले, डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकणे, जमतो का, दमछाक न होता किती वेळ बचाव करतो, एवढे लिहिले तरी पुरे. फ्री थ्रोवर माझा विशेष भर आहे, कारण तिथे समोर कोणी अडवणारा नसतो, अंतर बदलत नाही, आणि बास्केट ३.०५ मीटर उंचीवरच असते. त्यामुळे प्रतिस्पर्धी दुबळा होता की बलाढ्य, हा वाद उरत नाही. समजा, ऑगस्टमध्ये २२ पडत होते आणि मार्चमध्ये ३१ पडले, तर त्या मुलावर कोणीतरी रोज मेहनत घेतली आहे, मग संघ कोणत्याही फेरीत हरलेला असो. सामन्यांच्या नोंदीत मात्र गुणांपेक्षा मैदानावरची मिनिटे आणि गमावलेले चेंडू पाहावेत. दहा मिनिटांच्या चार क्वार्टरच्या सामन्यात नव्या मुलाला अखेरची दोनच मिनिटे मिळत असतील, तर तो शिकणार कधी?

पुढे जगभर गाजलेले बास्केटबॉलपटू स्टीफन करी यांचे उदाहरण या दोन्ही हिशेबांना लागू पडते. अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाकडे मोठ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली, तेव्हा डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयाचे प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी त्याला घेतले. २००६ च्या पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. प्रशिक्षकाने त्याला खेळवत ठेवले, आणि पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. आपल्या सरांनी चुकणाऱ्या मुलाला किती वेळ मैदानावर ठेवले, हे त्यांना जरूर विचारा.

राहिले ते चौघे. त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे, ही विनंती. पोलीस भरती किंवा सैन्यभरतीत लागलेला मुलगा गमावला असे मी मानत नाही. पण मेसचे पैसे भरता आले नाहीत म्हणून, किंवा आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हते म्हणून मुलगा गेला असेल, तर त्याची जबाबदारी एकट्या प्रशिक्षकावर टाकता येणार नाही. वसतिगृह आणि मेसची सोय समितीच्या हाती असते. सरावात अपमान झाला म्हणून दोघे गेले असतील, तर मात्र ती करारातील सर्वांत गंभीर बाब समजावी. नोंदी असतील आणि पाचही जणांत वाढ दिसत असेल, तर एक वर्ष आणखी द्या. नोंदीच नसतील, तर समितीने दोन वर्षांत त्या कधी मागितल्या होत्या का, हे आधी पाहा.

प्रश्न : माझी मुलगी परभणीत प्रथम वर्षाला आहे. संघात निवड झाली, पण सर तिला सामन्यात उतरवत नाहीत. मी त्यांच्याशी बोलावे का?
— एक पालक

उत्तर : अवश्य बोलावे, मात्र मुलीला आधी सांगून. 'हिला का खेळवत नाही' असे न विचारता 'हिला खेळवण्याआधी तिने काय शिकावे असे आपल्याला वाटते' असे विचारा. ज्याचे तिच्याकडे लक्ष आहे, तो प्रशिक्षक लगेच दोन-तीन नेमक्या गोष्टी सांगेल. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात डी'अँड्रे हंटर पहिले पूर्ण वर्ष सामना न खेळता केवळ सराव करत होता. २०१९ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यानेच २७ गुण केले. त्याचे थांबणे ठरवून होते, आणि त्या काळात सरावही चालू होता. आपल्या मुलीला सरावातही केवळ चेंडू वेचायला उभे केले जात असेल, तर मात्र महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांना लेखी कळवावे.