ड्रमातलं हिरवं पाणी

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात टोमॅटो-मिरचीची छोटी रोपवाटिका आहे. एक विक्रेता क्लोरेलाची (सूक्ष्म हिरव्या शेवाळाची) बाटली देऊन गेला. २०० लिटरच्या ड्रमात १९:१९:१९ हे विद्राव्य खत टाकून वाढवा, रोपांना घाला आणि युरिया निम्म्यावर आणा, असं त्याचं म्हणणं. आमच्या शेततळ्यातलं पाणीही उन्हाळ्यात असंच हिरवंगार होतं. मग तेच का वापरू नये?

उत्तर : युरियाचा हिशेब आधी करू, कारण गोम तिथेच आहे. घरगुती ड्रमात क्लोरेला चांगली वाढली, तरी लिटरमागे सुकं वजन अर्धा ग्रॅम धरा. म्हणजे अख्ख्या ड्रमात १०० ग्रॅम. त्यात नत्र साधारण ८ टक्के, म्हणजे ८ ग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के असतं, तेव्हा तुमचा ड्रमभर हिरवा रंग म्हणजे १७ ग्रॅम युरिया, चहाचे चार-पाच चमचे! आणि तेही नत्र तुम्हीच ड्रमात टाकलेल्या १९:१९:१९ मधलं. क्लोरेला हवेतलं नत्र धरत नाही.

नत्र धरतं ते नील-हरित शेवाळ, अ‍ॅनाबिना-नॉस्टॉकसारखं. भातखाचरातलं त्याचं काम शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं. इगतपुरीकडे भात लावणाऱ्या तुमच्या पाहुण्यांना ते उपयोगी पडेल. विक्रेते ही दोन्ही शेवाळं एकाच पिशवीत कोंबतात, याचा मला मनस्वी राग आहे.

मग क्लोरेला बिनकामाची का? तसं नाही. तिच्यात ऑक्झिन, सायटोकायनिनसारखी वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात आणि उगवण, मुळं यांवर चांगला परिणाम झाल्याचे प्रयोग आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत पेशी फोडून काढलेला अर्क वापरलेला असतो. जिवंत पेशीची भिंत चिवट, ती मातीत सावकाश फुटते. म्हणून हे टॉनिक समजा, जेवण नव्हे.

मी स्वतः यात एकदा फसलोय. गच्चीवर २० लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये मत्स्यटाकीचा पंप लावून क्लोरेला वाढवली. आठवड्यात पाणी मेथीच्या रसासारखं झालं. दहापट पाणी मिसळून टोमॅटोच्या रोपांना घातलं आणि साध्या पाण्यावरची रोपं शेजारी ठेवली. फरक पाहून मी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. पुढच्या खेपेला बायको म्हणाली, "अहो, त्या कॅनमध्ये खतही होतं ना?" मग तेवढंच खत नुसत्या पाण्यातून तिसऱ्या ट्रेला दिलं. ती रोपं जवळजवळ तितकीच तजेलदार निघाली. क्लोरेलाच्या ट्रेमध्ये तंतुमुळं थोडी दाट वाटली, इतकंच. गल्लीला पुन्हा बोलावलं नाही.

आणखी एक. कॅन सकाळी अचानक नितळ दिसला, तर घाबरू नका. बारीक जलजीव शिरले आणि क्लोरेला फस्त करून गेले, असं समजा. कॅन घासून, वाळवून नव्याने सुरुवात करायची. दुपारच्या कडक उन्हात ठेवू नका, शेडनेटखाली ठेवा.

शेततळ्याचं पाणी मात्र रोपांवर फवारू नका. तिथला हिरवा रंग कुणाचा, हे डोळ्यांनी ठरत नाही. ते काचेच्या बरणीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर हिरव्या रंगाचा तवंग जमला, तर ते नील-हरित असण्याची शक्यता मोठी. त्यातलं मायक्रोसिस्टिस विषारी असू शकतं. असं पाणी गुरांनाही पाजू नका, पालेभाजीवर तर नकोच. तवंग जमला नाही म्हणून पाणी बिनधोक ठरत नाही. ठिबकला सोडायचं म्हटलं, तर सॅण्ड फिल्टर रोज उलटा धुवावा लागेल.

बाटली घेतलीच आहे, तर तीन प्रो-ट्रे (रोपं वाढवायचे खणांचे ट्रे) बाजूला काढा : एकाला साधं पाणी, एकाला तेवढ्याच खताचं पाणी, एकाला क्लोरेला. युरियाला हात लावू नका. लागवडीला रोपं निघतील तेव्हा प्रत्येक ट्रेमधली दहा रोपं उपटून कोकोपीट धुऊन टाका आणि मुळं पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी मांडून बघा. विक्रेता पुन्हा आला, तर तो कागद त्याच्यापुढे ठेवा.