बी.कॉम. नंतर कॅलिफोर्नियात अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन: आधी १२ युनिट, मग २४, पदवीचं नंतर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं बी.कॉम., सध्या फ्रीमॉन्टला, एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालेलं, मुलगी शाळेत जायला लागली आहे, आणि कम्युनिटी कॉलेजातून अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनची (ईसीई, म्हणजे बालशिक्षणाची) दोन वर्षांची पदवी करायची आहे. सुरुवात कुठून करायची?

माझं मत आधीच सांगतो. ज्यांच्याकडे भारतातली पदवी आहे त्यांनी पहिल्याच दिवशी ६० युनिटच्या असोसिएट डिग्रीमागे, म्हणजे त्या दोन वर्षांच्या पदवीमागे, लागू नये (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं एकक, एक कोर्स साधारण ३ युनिटचा). कॅलिफोर्नियात या क्षेत्रातली नोकरी पदवीच्या नावावर ठरत नाही, ईसीईचे नेमके किती आणि कोणते युनिट झाले आहेत यावर ठरते. खासगी प्रीस्कूलला टायटल २२ चे, म्हणजे राज्याच्या बालसंगोपन परवान्याचे, नियम लागू असतात. तिथे ६ युनिट पास झाले की शिक्षक म्हणून घेता येतं, फक्त पुढे पूर्ण पात्र होईपर्यंत दर सत्रात किमान २ युनिट करत राहावं लागतं. पूर्ण पात्र म्हणजे १२ युनिट आणि ६ महिन्यांचा अनुभव. तान्ह्या मुलांच्या वर्गात काम करायचं असेल तर त्या १२ पैकी ३ युनिट इन्फंट केअरचे हवेत.

हे १२ युनिट कोणतेही चालत नाहीत, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बालसाहित्य, संगीत, कला असे आवडीचे कोर्स आधी होतात, १२ चा आकडा भरतो, पण गाभ्याचे विषय राहून जातात. बाल-विकास, मूल-कुटुंब-समाज आणि अभ्यासक्रम या तिन्ही क्षेत्रांतले कोर्स असलेच पाहिजेत. प्रत्येक कॉलेजचे कोर्स नंबर वेगळे असतात, म्हणून कॅटलॉगमध्ये सी-आयडी, म्हणजे सगळ्या कॉलेजांना समान असलेला राज्याचा कोर्स क्रमांक, बघायचा. बाल-विकास म्हणजे सीडीईव्ही १००, मूल-कुटुंब-समाज म्हणजे सीडीईव्ही ११०, अध्यापनाची तत्त्वं म्हणजे ईसीई १२० आणि अभ्यासक्रमाची ओळख म्हणजे ईसीई १३०. हे चार झाले की १२ युनिट होतात. पुढचे चार म्हणजे निरीक्षण व मूल्यमापन (२००), प्रॅक्टिकम, म्हणजे मुलांच्या वर्गात प्रत्यक्ष काम (२१०), आरोग्य-सुरक्षा-पोषण (२२०) आणि विविधतेच्या समाजातलं अध्यापन (२३०). आठ कोर्स, २४ युनिट. सी-आयडी जुळत असेल तर दोन कॉलेजांत मिळून केले तरी चालतात.

पहिल्या सत्रात १०० आणि १२० घ्या. १०० झाल्याशिवाय पुढचे बरेच कोर्स उघडत नाहीत. २२० कुठेही बसतो, उन्हाळ्यातही. एका ३ युनिटच्या कोर्सचे साधारण ५४ तास वर्गाचे आणि १०८ तास घरच्या अभ्यासाचे धरलेले असतात. नेहमीच्या सत्रात हे आठवड्याला ९ तासांच्या आसपास येतं, पण तोच कोर्स आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर २० तास. घर सांभाळून असे दोन छोटे कोर्स एकदम घेणाऱ्यांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दमछाक होते. दर सत्रात दोन या वेगाने आठ कोर्सना दोन वर्षं लागतात, आणि तो वेग ठीक आहे.

कॉलेज निवडताना सेमिस्टर की क्वार्टर, हे आधी बघा. ओलोनी, लास पोसिटास, मिशन ही सेमिस्टरची कॉलेजं, डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरची. १ सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. म्हणजे डी अँझात १२ क्वार्टर युनिट झाले तर हिशेबात ते ८ च धरले जातात, तिथे १८ करावे लागतात. मुलाखतीच्या दिवशी हे कळणं फार वाईट.

फीचा भाग सोपा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे २४ युनिटचे १,१०४. आरोग्य शुल्क, पार्किंग, पुस्तकं वेगळी. रहिवासी नसाल तर फी कित्येक पटींनी वाढते. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्षाचं वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू, दोन्ही दाखवावं लागतं. एच-४ वर हे करता येतं, एफ-२ (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर नाही. वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने असतील तर ते दोन महिने थांबा. लीज, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. एच-४ वर फेडरल मदत मिळत नाही, त्यामुळे एफएएफएसए या मदतीच्या अर्जात वेळ घालवू नका. कॉलेजच्या ईसीई विभागात मात्र चाइल्ड डेव्हलपमेंट ट्रेनिंग कन्सोर्टियमचे समन्वयक कोण हे जरूर विचारा. प्रीस्कूलमध्ये काम करत शिकणाऱ्यांना तिथून फीचा परतावा मिळण्याची सोय असते.

आता बी.कॉम.चा उपयोग. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांत चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट (राज्याचा बालशिक्षक परवाना) लागतं. असोसिएट टीचरला १२ ईसीई युनिट आणि ५० दिवसांचा अनुभव, टीचरला २४ ईसीई युनिट, १६ सामान्य शिक्षणाचे युनिट आणि १७५ दिवसांचा अनुभव. दिवस म्हणजे किमान ३ तासांचा. ते १६ युनिट तुमच्या पुण्याच्या पदवीतून निघू शकतात. त्यासाठी क्रेडेन्शियलिंग कमिशनच्या (हे परमिट देणाऱ्या राज्याच्या मंडळाच्या) यादीतल्याच संस्थेकडून कोर्सवार मूल्यांकन करून घ्या. व्हिसासाठी कधीतरी केलेलं मूल्यांकन त्या यादीतल्या संस्थेचं नसेल तर इथे उपयोगाचं नाही. अहवाल आला की चार गट तपासा: मानव्यविद्या किंवा कला, सामाजिक शास्त्र, गणित किंवा विज्ञान, आणि इंग्रजी. बी.कॉम.मध्ये अर्थशास्त्र आणि सांख्यिकी असते, मानव्यविद्येचा गट कमी पडण्याची शक्यता असते. तेवढा एक कोर्स इथे करून टाका. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सत्रातच मागणी करा. ईसीईच्या सगळ्या कोर्सना किमान सी ग्रेड लागते.

मग पदवी कुणी करावी? हेड स्टार्टमध्ये (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांसाठीचा फेडरल कार्यक्रम) शिक्षक व्हायचं असेल तर ईसीईची किंवा संबंधित विषयाची असोसिएट पदवी उपयोगी पडते. शिवाय असोसिएट पदवी आणि ३ युनिटचं प्रॅक्टिकम असेल तर टीचर परमिटसाठी ते १७५ दिवस दाखवावे लागत नाहीत. ज्यांच्याकडे पदवी नाही आणि पुढे सीएसयूतून (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) बॅचलर्स करायचं आहे, त्यांनी एएस-टी (तिथे ट्रान्सफर होण्यासाठीची असोसिएट पदवी) हीच पदवी घ्यावी. तुमच्यासाठी तिच्यात एक अडचण आहे. तिच्यातल्या ३४ युनिटच्या कॅल-गेटसी या सामान्य शिक्षणाच्या ठरावीक संचात परदेशी विद्यापीठाचे विषय सहसा धरत नाहीत, म्हणजे इंग्रजी-गणितापासून सगळं पुन्हा. कॉलेजची स्वतःची साधी एएस पदवी असेल तर तिथे मूल्यांकन मान्य होतं का, हे काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅनमध्ये लिहून घ्या. सार्वजनिक शाळेतलं टीके (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) हे ध्येय असेल तर नुसती असोसिएट पदवी पुरत नाही. तिथे बॅचलर्स आणि टीचिंग क्रेडेन्शियल लागतं, आणि २४ ईसीई युनिट त्याच्या जोडीला मोजले जातात. २०२५-२६ पासून चार वर्षांच्या सगळ्या मुलांना टीके खुलं झालं आहे, त्यामुळे या २४ युनिटना आता वजन आहे.

अभ्यासात आपल्याकडच्यांना सगळ्यात जड जातो तो निरीक्षणाचा कोर्स. कारण इंग्रजी नव्हे. पाहिलेलं आणि त्यावरून काढलेला अर्थ वेगळे ठेवायची सवय नसते. ‘मुलगा चिडला होता आणि हट्ट करत होता’ याला मार्क नाहीत. ‘त्याने लाल ठोकळा जमिनीवर टाकला, हात घडी घालून भिंतीकडे तोंड केलं, दोनदा “नो” म्हणाला’ असं लिहायचं, वेळेसकट. अर्थ वेगळ्या रकान्यात. रोज खेळाच्या मैदानावर दहा मिनिटं असं लिहून बघा, महिन्याभरात हात बसतो. हे कौशल्य पुढे डीआरडीपी (मुलाच्या विकासाचं राज्याचं मूल्यमापन) भरताना लागतं, आणि मुलाला न्याय मिळतो तो यातूनच. २३० च्या कोर्समध्ये स्वतःच्या समाजातल्या बालशिक्षणावर लिहायला सांगितलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम मांडा. परिसरातल्या वस्तूंपासून शैक्षणिक साधनं बनवणारी ती परंपरा इथल्या प्राध्यापकांनाही कळायला हवी.

प्रॅक्टिकमची तयारी एक सत्र आधी करा. बाकीचे बरेच कोर्स ऑनलाइन मिळतात, हा नाही. तो दिवसा, बहुधा सकाळी, कॉलेजच्या बालकेंद्रात किंवा मेंटर शिक्षकाच्या वर्गात असतो आणि जागा मोजक्या असतात. मुलांच्या वर्गात पाय ठेवण्याआधी गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसींचा पुरावा लागतो, फ्लूची लस किंवा ती नाकारल्याचं लेखी पत्र लागतं, आणि टीबीची तपासणी झालेली असावी लागते. बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने द्यावे लागतात. लहानपणी बीसीजी घेतली असेल तर टीबीची त्वचा-चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेमध्ये आठवडे जातात, म्हणून डॉक्टरांकडे सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी मागा. भारतातलं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर गोवराच्या प्रतिकारशक्तीची रक्तचाचणीही चालते.