कापूस वेचायला माणसं मिळतील, पोरी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र आलंय. वय 29, चार एकर कोरडवाहू कापूस, तीन वर्षांची मुलगी. डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा लेकरू अंगावर पीत होतं, म्हणून एका डॉक्टरांनी ‘दुधाची गाठ’ म्हणत चार महिने गोळ्या दिल्या. शेवटी आशाताई सोबत घेऊन सेवाग्रामला गेल्या; बायोप्सीत (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. पहिल्या केमोची तारीख पुढच्या सोमवारची. घरचे म्हणतात, संक्रांतीपर्यंत थांब, कापूस विकला की जाऊ. सासूबाई म्हणतात, ‘‘गाठीले चाकू लागला का ते पसरते.’’ तिच्या ताटाच्या काठाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ते वेगळं ठेवलंय. नवरा गप्प आहे. ‘मावशी, काय करू? माझं दूध पिऊन पोरीला तर लागलं नसेल ना?’)

पोरी,

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण त्यानंच तुझी झोप उडाली असणार. नाही, लागलेलं नाही. कॅन्सर दुधातून लेकराला होत नाही. जवळ घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानंही होत नाही. तिला कुशीत घेऊन झोप. आणि तो ठिपका आजच पुसून टाक. सासूबाईंशी भांडू नकोस, त्या घाबरल्यात. आशाताईंना घरी बोलाव आणि हेच सगळं त्यांच्या तोंडून सासूबाईंना ऐकव. सुनेचं ऐकणार नाहीत, पण आशाताईंचं ऐकतील.

चाकूचं म्हणशील, तर बायोप्सीनं किंवा ऑपरेशननं कॅन्सर पसरत नाही. लोक असं का म्हणतात ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे बाई दवाखान्यात पोचते तेव्हा गाठ फुटायला आलेली असते, मग ऑपरेशन होऊनही ती वाचत नाही आणि बोल चाकूला लागतो. तिला मारलेलं असतं ते उशिरानं, चाकूनं नाही.

म्हणून सोमवारची तारीख हलवायची नाही. चार महिने आधीच गेलेत, त्यात तुझी काही चूक नाही. पण आता संक्रांतीपर्यंत थांबणं म्हणजे गाठीला आणखी वाढू देणं. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचा सुरू झाला, मजूर मिळत नाही, भाव पडलाय, सगळं खरं. वावरातलं दुःख मला कळतं. तरी बोंडं फुटून चार दिवस झाडावर राहिली तर राहू दे. तुझ्या वाट्याचा कापूस भाऊ वेचेल, जाऊ वेचेल, नाहीतर थोडा वाया जाईल.

आणि पैशासाठी कापूस विकायची वाट कशाला बघायची? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. केमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) त्यात येतात. रेशन कार्ड आणि आधार घे, दवाखान्यात ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ एवढं विचार. कार्डावर तुझं नाव नसेल, तर ते काम सोमवारच्या आत नवऱ्यानं करायचं. रेल्वेनं जाणार असशील तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत असते. त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घे.

पहिली केमो लागण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचार, लाजू नकोस. पुढे आणखी मूल हवं असेल तर आत्ताच बोल. केमोनं पाळी थांबू शकते, आणि त्यावरचे उपाय केमोच्या आधीच करावे लागतात. तुझ्या वयात कॅन्सर निघाला की रक्ताची अनुवंशिक तपासणीही सुचवतात. बहुतेक बायकांचा कॅन्सर पिढीजात नसतो, तरी माहेरी आई, मावशी, आत्या कोणाला झाला होता का, ते आठवून जा.

केमो सुरू झाल्यावर केस जातील. रडू येईल, रड. ते परत येतात. मला जास्त काळजी तापाची आहे. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला, तर गावात सुई टोचून सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. केमोत अंगातली जंतूंशी लढायची ताकद पार खाली जाते आणि साधा जंतूही जिवावर बेततो. घरात थर्मामीटर आणून ठेव आणि गाडी कोणाची मिळेल ते आजच ठरवून ठेव.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या तर तो हात सुजू शकतो. सुकलेल्या बोंडाच्या टोकानं बोटं कशी फाटतात ते तुला सांगायला नको. त्या हाताला तसं खरचटणंही पुढे जड जातं. वावरात जाशील तेव्हा हातमोजा घाल, आणि डोक्यावर पाण्याचा हंडा चढवायचं काम दुसऱ्याला सांग.

आता तुझ्या नवऱ्यासाठी दोन शब्द, हे पत्र त्याला वाचून दाखव. बापू, तुझी बायको जिवाच्या भीतीनं अनोळखी बाईला पत्र लिहिते, कारण घरात कोणी बोलत नाही. तुला भीती वाटते तर तसं तिला सांग. सोमवारी तिच्यासोबत जा. बाहेर गाडीपाशी थांबू नकोस, आत डॉक्टरांसमोर बस, आणि फाईल तुझ्या हातात राहू दे.

पोरी, लेकरू आईकडे ठेवशील की सासूबाईंकडे, ते रविवारपर्यंत ठरव. आणि पहिली केमो झाली की मला कळव, मी वाट बघते आहे.

– तुझी मावशी