फँटसी, सायफाय, हॉरर कादंबऱ्यांचा रिव्ह्यू लिहायचाय, पण नुसती स्टोरीच लिहून होते, काय करू?

तुम्ही विचारलंय की नवीन फँटसी, सायन्स फिक्शन, हॉरर भरपूर वाचता पण रिव्ह्यू लिहायला बसलं की कथेचा सारांश होतो आणि खाली 'छान आहे, नक्की वाचा' एवढंच सुचतं. माझंही पहिली दोन वर्षं हेच होत होतं. अमळनेर तालुक्यात आमची शेती आहे, शेती सांभाळून आठ-नऊ वर्षं झाली मी या कादंबऱ्यांवर लिहितोय, तर मला जे कळलंय ते सांगतो.

मला खरं शिकवलं ते आमच्या सालदार आप्पांनी. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी भरायचं तर थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच असते, मग अकरा-बाराला शेतात जायचं, मोटर चालू करायची, शेकोटीपाशी बसायचं आणि मधून मधून उठून पाणी कुठवर पोचलं ते बघून यायचं. तेवढ्या वेळात मी आप्पांना चालू असलेली कादंबरी सांगायचो. एकदा एक इंग्रजी हॉरर सांगत होतो, नव्या घरात राहायला आलेलं कुटुंब, रात्रीचे आवाज, बंद खोली वगैरे, आणि दोनशे पानं वाचून जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं ते आप्पांनी पाच मिनिटांत विचारलं, "मंग त्या पयी काब्र नही गयात?" म्हणजे मग ते पळून का नाही गेले. मी पुस्तक आठवून आठवून पाहिलं, उत्तरच नव्हतं! लेखकाला ते तिथं हवे होते म्हणून ते तिथं होते, बस. चांगल्या हॉररमध्ये या प्रश्नाचं उत्तर आधीच पेरलेलं असतं, सगळा पैसा त्या घरात अडकलाय, किंवा म्हातारी आई उंबरा सोडायला तयार नाही, आणि मग भीती भुतापेक्षा त्या अडकलेपणाची वाटायला लागते. तेव्हापासून माझा रिव्ह्यू सारांशापासून सुरूच होत नाही, या प्रश्नापासून होतो.

म्हणजे सांगायचं हे की या तिन्ही प्रकारांत लेखक सुरुवातीला एक नियम मांडतो आणि आपण तो मान्य करतो. तो नियम काय आहे आणि शेवटपर्यंत पाळला का, हे वाचकाला सांगा. आपल्याकडे चकव्याच्या गोष्टी सांगतात ना, चकवा लागला की माणूस रात्रभर तिथल्या तिथं फिरतो आणि उजाडलं की सुटतो. सांगणाऱ्याने भरदुपारी चकवा लावला तर ऐकणारा तिथंच अडवतो. बस तसंच अडवायचं.

सायफायचं उदाहरण देतो. लिऊ त्सिशिनची 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' चिनीत पुस्तक म्हणून 2008 ला आली, इंग्रजीत 2014 ला, आणि 2015 ला तिला ह्यूगो, म्हणजे सायफाय-फँटसीतला मोठा पुरस्कार, मिळाला, अनुवादित कादंबरीला हा पुरस्कार मिळायची ती पहिलीच वेळ. त्यात एका जगाला तीन सूर्य आहेत आणि तिघांच्या ओढाताणीमुळे उद्या ऊन असेल की गोठवणारी थंडी हे कुणालाच सांगता येत नाही. आप्पांना हे सांगितलं तर ते जरा वेळ शेकोटीकडे बघत बसले आणि म्हणाले, मग तिथं पेरणी केव्हा करत असतील? अहो, अख्खी कादंबरी या प्रश्नावर उभी आहे! ऋतूच नाही तर शेती कशी, साठवण कशी, राज्य कसं टिकणार, आणि लेखकाने हे सगळं टप्प्याटप्प्याने लावत नेलंय. एक गोष्ट गृहीत धरली की तिच्यामागून काय काय बदलतं ते लेखकाने किती लांबवर नेलं, हे सायफायच्या रिव्ह्यूमध्ये आलंच पाहिजे. आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहा प्लीज. या कादंबरीचा अनुवाद केन लिऊने केलाय आणि चिनी पुस्तकात मधे असलेला सांस्कृतिक क्रांतीचा, म्हणजे माओच्या काळातल्या उलथापालथीचा भाग इंग्रजीत अगदी सुरुवातीला आलाय, म्हणजे दोन भाषांतले वाचक वेगवेगळ्या दाराने आत शिरतात, आणि हे रिव्ह्यूमध्ये यायला नको का?

फँटसीत मी जादूची किंमत बघतो. एन. के. जेमिसिनच्या तीन भागांच्या मालिकेला 2016, 2017, 2018 असे सलग तीन ह्यूगो मिळाले. त्यात काही लोकांना भूकंप थांबवता येतो, करताही येतो, आणि त्यामुळेच बाकीचे त्यांना घाबरतात आणि गुलाम करून ठेवतात. शक्ती आहे पण ती असणं हीच शिक्षा. हे असं दोन ओळीत सांगता आलं की सारांशाची गरज पडत नाही. जिथं जादू फुकट मिळते तिथं मला शंभराव्या पानापर्यंत कंटाळा येतो, तसं मी स्पष्ट लिहितो.

'नवीन' म्हणताना मात्र जपून. आपल्याकडे जुन्या कादंबऱ्या नव्या कव्हरमध्ये येतात, त्यामुळे आतल्या पानावर पहिली आवृत्ती कधीची ते आधी बघा. आणि मूळ कुठलं तेही. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे सांगावंच, पण काही जण तेवढंच सांगून धारपांना निकालात काढतात याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकन गाव मराठी होताना काय काय बदललं, कुठे जमलं कुठे नाही, यावर लिहा की, खरं काम तिथं आहे.

नावाला भुलू नका हेही तितकंच. 1974 ला जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि बक्षीस मिळालं ते कथेला. मी आता कव्हरला पेपर लावून वाचतो, नवीन लेखक असो की मोठा. एकदा एका प्रकाशकाने फुकट प्रत पाठवली आणि 'चांगलं लिहा' असा मेसेज केला, मी प्रत परत पाठवली. फुकट मिळालेल्या पुस्तकावर लिहिलं तर तसं पहिल्या ओळीत सांगा.

स्पॉयलरचं म्हणाल तर पहिल्या पाव भागापुढचं मी काहीच उघडत नाही. हॉररचा शेवट मी एकदा रिव्ह्यूत फोडला होता आणि एका मुलीने लिहिलं की दादा, मी हे पुस्तक वाढदिवसाला मागवलं होतं. ते अजून टोचतं.

पुस्तक अर्धवट सोडलं तर कितव्या पानावर सोडलं आणि का, तेवढं लिहा, तोही रिव्ह्यूच आहे. आणि लिहायच्या आधी घरात कुणाला तरी तोंडी सांगून बघा, जो ही पुस्तकं वाचत नाही अशाला, आणि तो कुठे अडवतो ते वहीत टिपून ठेवा. फेब्रुवारी 2024 ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं तिथून मी पिशवीभर पुस्तकं आणली होती, त्यातल्या तीन कादंबऱ्या अजून आप्पांना सांगायच्या राहिल्यात, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे.