सरकारी नोकरीवालं डोकं आधी बाजूला ठेव

हे बघ भावा, कोकमाचं आगळ (खारवलेला रस) आणि सोलां (सुकवलेल्या साली) विकायचं ठरवलंस ते बरंच केलंस, पण डोक्यात तुझ्या अजून सरकारी नोकरीच बसलीय, म्हणजे महिना भरला की पैसे येणारच. धंद्यात तसं नसतं रे. कोकम एप्रिल-मेत पिकतं, पाऊस लागला की संपलं, म्हणजे पैसा तेवढ्यात अडकतो आणि सुटतो वर्षभर थोडा थोडा, त्यामुळे हिशोब महिन्याचा नको, वर्षाचा कर.

घरच्यांची मेहनत फुकट धरू नकोस. आई साली सुकवते, परत परत रसात भिजवते, परत उन्हात घालते, त्या दिवसांची मजुरी रेटमध्ये घाल, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल सगळा खपेल आणि हातात काय उरलं तेच कळणार नाही. भाव सांगताना लाजायचं नाही (आपल्याकडे ही लाज फार).

उधारीचं तर विचारूच नको. हॉटेलवाल्याकडे पैसे मागितले तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती पहिली काढ. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होतं, करून घे. २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल घेतल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५. बिलावर उद्यम नंबर छाप, मागणं सोपं जातं.

आणि धंद्याचं बँक खातं वेगळं काढ, ह्याच आठवड्यात. गणेश चवथीच्या खर्चाला त्यात हात घालायचा नाही.